सूड घ्यायचाच तर गोव्यात

रात्रीची मालिका संपल्यावर तुम्हालाही घरातल्या कुणाचा तरी सूड घ्यावासा वाटत असेल, तर आधी टीव्ही बंद करा. त्या मालिकेच्या भरवशावर राहिलात तर फसाल. तिथे सासरे गुंगीत असताना धाकटी सून त्यांचा अंगठा उठवून घेते आणि सकाळी बंगला, कंपनी, गाडी सगळे तिच्या नावावर. हे मुंबईच्या सेटवर ठीक आहे. गोव्यात पोर्तुगीज गेले, पण त्यांचा १८६७ चा नागरी कायदा राहिला, आणि चांगल्या कथानकाचा त्याच्याइतका वैरी दुसरा नाही.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथे मालमत्ता नवराबायकोची निम्मी-निम्मी. सासऱ्यांना घर विकायचे तर सासूबाईंची सही हवी. मृत्युपत्र करून सगळे लाडक्या मुलाला द्यावे म्हटले, तर निम्मा हिस्सा मुलांसाठी कायद्यानेच राखून ठेवलेला, त्यात सासरी गेलेली मुलगीही आली. बरे, एकाच मुलाला जमीन विकून टाकावी, तर त्याला बाकीच्या मुलांची संमती लागते. म्हणजे आपल्या धाकट्या सुनेने दुधाच्या एका ग्लासात औषध घालून भागायचे नाही. तिला सगळ्या पंगतीलाच घालावे लागेल.

खलनायिकेच्या आणखी एक-दोन सवयी मोडा. दाराआड उभे राहून आपला बेत स्वतःलाच मोठ्याने सांगू नये. जुन्या कौलारू घरांत मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. माजघरातली कुजबूज न्हाणीत आंघोळ करणाऱ्याला शब्दन् शब्द ऐकू जाते. भरजरी शालू नेसून स्वयंपाकघरात वावरू नये, घाम येतो. (२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले तेव्हा कितीतरी मालिका आपापल्या कटकारस्थानांसह गोव्यात आल्या होत्या. मे उजाडताच सरकारने परवानगी काढून घेतली. बाहेरचा सूड इथे टिकत नाही तो असा.)

दगा देण्याची आपली रीत शांत आहे. सत्तरच्या दशकात जमिनीची मोजणी झाली तेव्हा तीन भाऊ मुंबईला नोकरीत आणि एक गावात, अशी घरे काय कमी होती? गावातल्या काकांनी मोजणीला आलेल्या माणसाला ओसरीवर बसवले, चहा दिला, शहाळे फोडले आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या सातबारावर, पोफळीच्या कुळागरापुढे एकच नाव लागले. काकांनी कुणाला दरीत ढकलले नाही, पार्श्वसंगीत वाजले नाही. मुंबईच्या भावांना हे कळले तेव्हा नातवंडांची लग्ने झाली होती. याला म्हणतात दगा. मालिकावाल्यांनी शिकवणी लावावी.

आता सूड. तोही सोपा आहे: सही करू नका. नकार मात्र कधीही द्यायचा नाही. घराला दिल्लीचा गिऱ्हाईक आला, दादाने फोन केला, की म्हणायचे, ‘अरे, माझे काहीच नाही, पण हिला एकदा विचारतो.’ हिची सही लागतेच. ही म्हणते, ‘चवथीला येऊ तेव्हा बोलू.’ चवथीला सगळे मूळ घरी जमता, तेव्हा तर अजिबात बोलायचे नाही. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीला नारळांचा घड बांधायला शिडीवर तुम्ही चढा, शिडी दादाला धरू दे. खतखते दोनदा मागून घ्या, वहिनींच्या नेवऱ्यांचे कौतुक करा, आरतीत घुमट जोरात वाजवा. दीड दिवसाचा गणपती पोचवून आलात की पिशव्या उचला. गिऱ्हाईक पुढच्या चवथीपर्यंत थांबत नाही.

इतका धीर नसेल तर देवळात जाऊन गाऱ्हाणे घाला. फक्त आधी चौकशी करा. दादाने त्याच देवाला तुमच्याविरुद्ध कौल लावून ठेवलेला असतो.

आणि खरा महाएपिसोड हवा असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा दावा, घाला. घाई नको. नवा वारसा कायदा २०१२ चा, तो लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात. कायद्यालाच चार वर्षे लागली, तुमचे काय घेऊन बसलात. यात कुटुंबप्रमुखाला शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. दादा घर, माडांचे भाट, कुळागर लिहील. तुम्ही उठून विचारा, ‘आणि न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण?’ भाण कुणालाच नको असते. तरी विचारा, आणि वहिनींकडे बघू नका.

पुढे वारसांत आपापसात बोली लागते. आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेणाऱ्याने बाकीच्यांना पैसे भरून द्यायचे असतात. तेव्हा दादाचा जीव घरात अडकलाय हे ओळखून बोली चढवत न्या. तो चढेल, तुम्ही चढा. तो आणखी चढेल, मग मोठ्या मनाने सोडून द्या आणि पैसे मोजून घ्या. यात धोका एवढाच की तुम्ही चढवल्यावर दादा एकाएकी गप्प बसतो, विडा लावतो आणि म्हणतो, ‘घे बाबा, तुलाच लखलाभ.’ तेव्हा कोर्टात जायच्या आधी कौले परतायला माणूस सांगून ठेवा. मे महिन्यात मिळत नाही.