शांघायच्या जुन्या सिनेमात भिंती बघा

1930च्या दशकातल्या शांघायच्या सिनेमावर कुणी लिहिलं की निऑन पाट्या आणि उंच इमारतींचे फोटो हमखास येतात. माझं म्हणणं असं की त्या दिग्दर्शकांनी शहर पकडलं ते जिन्यांत आणि भिंतींत.

सुरुवात 1922च्या 'लेबरर्स लव्ह'पासून करा. पूर्ण अवस्थेत टिकलेला हा सर्वांत जुना चिनी कथापट, जेमतेम अर्ध्या तासाचा. सुतारकी सोडून फळं विकणाऱ्या नायकाला वैद्याच्या मुलीशी लग्न करायचंय, पण वैद्याकडे पेशंटच नाहीत. मग हा गडी वरच्या मजल्यावरच्या क्लबचा जिना असा बदलतो की पायऱ्या सपाट होऊन घसरगुंडी व्हावी. रात्री जागून खेळणारे गडगडत खाली येतात आणि वैद्याचा दवाखाना भरतो. पाहताना एक काळजी घ्या. मूकपट बहुधा सेकंदाला 24पेक्षा कमी फ्रेम्सनी चित्रित होत. प्रत 24ने चालवलेली असली तर माणसं धावताना दिसतात. तसं वाटलं तर वेग 0.75 करा.

शेन शीलिंगच्या 'क्रॉसरोड्स'मध्ये (1937) दोन भाडेकरूंच्या मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत आहे. तो वर्तमानपत्रात रात्रपाळीला, ती कापड गिरणीत दिवसपाळीला. त्यामुळे शेजारी एकमेकांना बघतच नाहीत, पण भिंतीवरून कचरा फेकून भांडतात! प्रेम जमतं ते बाहेर, आणि भांडणारा शेजारी तो हाच, हे ठाऊक नसताना. गिरणगावातल्या खोल्या आठवणाऱ्याला ही पाळ्यांची गणितं वेगळी समजवावी लागणार नाहीत.

त्याच वर्षीच्या युआन मूझीच्या 'स्ट्रीट एंजल'ची सुरुवात चुकवू नका. कॅमेरा उंच इमारतीच्या शेंड्यावरून खाली उतरत जमिनीच्याही खाली जातो आणि कथा तिथून सुरू होते.

पण एकच बघणार असाल तर 'द गॉडेस' (1934), दिग्दर्शक वू योंगगांग. मूळ चिनी नाव 'शन्न्यू' म्हणजे देवी, आणि वेश्येसाठीचा आडवळणाचा शब्दही. भाषांतरात हा दुहेरी अर्थ हरवतो आणि सिनेमा साधा रडका वाटू लागतो. तो तसा नाही. यातली वेश्या असलेली आई (अभिनेत्री रुआन लिंग्यू) भिंतीतली वीट काढून मागच्या पोकळीत पैसे लपवते. शहरात तिच्या मालकीची तेवढीच जागा, आणि तिच्या पैशांवर जगणारा गुंड नेमकी तीच शोधतो. एका प्रसंगात कॅमेरा त्याच्या फाकलेल्या पायांमधून जमिनीवरच्या मायलेकरांना दाखवतो. आजच्या बहुतेक प्रतींवर नंतर जोडलेलं संगीत आहे. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवा. मग रुआनच्या खांद्यांकडे लक्ष जाईल.