‘क्रूझला जायचं तर मेमध्येच’: आत्याने तीनदा पाठवलेल्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे आमच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: सोसायटीच्या, मुलांच्या शाळेच्या आणि घरच्या. मथळा आहे ‘फॅमिली क्रूझसाठी वर्षातला सर्वोत्तम महिना: मे’. खाली पाच कारणं. मुलांना सुट्टी असते. पावसाळ्याआधी समुद्र तळ्यासारखा शांत असतो. तिकिटं स्वस्त पडतात. जगात कुठेही जा, मे चालतोच. आणि जहाज एवढं प्रचंड असतं की बोट लागायचा प्रश्नच नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून जायचं घाटतंय, म्हणून आत्याने तो मला एकटीलाच तीनदा पाठवला. तेव्हा एकेक कारण घेते.

सुट्टीचं कारण खरं आहे. घरात एक पोर स्टेट बोर्डाचं, एक सीबीएसईचं आणि एक आयसीएसईचं असलं की सगळी एकदम मोकळी सापडतात ती मेमध्येच. दिवाळीची सुट्टी कोणाला तीन आठवडे, तर कोणाला जेमतेम चार दिवस. पण मुंबईहून सुटणारी सफर बहुतेक वेळा दोन ते पाच रात्रींची असते. तेवढ्याला शनिवार-रविवार आणि मागेपुढे दोन दिवस पुरतात. युरोपला जायचं असेल तर मेची सुट्टी हवीच. गोव्यापर्यंत जाऊन यायला कशाला?

आता तळ्यासारखा समुद्र. हे लिहिणाऱ्याचं कोकणात कोणी नसावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या किनाऱ्यावर वारा मुख्यतः जमिनीकडून, ईशान्येकडून येतो. लाट मोठी व्हायला वाऱ्यापुढे लांबच लांब मोकळं पाणी असावं लागतं. जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला किनाऱ्याजवळ ते मिळत नाही, म्हणून त्या दिवसांत मुंबई ते कोची पाणी बरंचसं सपाट असतं. मार्चपासून वारं फिरतं, पश्चिम-वायव्येकडून यायला लागतं आणि दुपारनंतर जोर धरतं. मेच्या उत्तरार्धात तर मोसमी वारे दाराशीच असतात. हवामान खात्याच्या सरासरी तारखा म्हणजे केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून. पण २०२५ साली पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत हजर झाला. त्या आठवड्याचं बुकिंग ज्यांनी ‘शांत समुद्र’ म्हणून केलं असेल, त्यांनी काय पाहिलं असेल ते पाहिलं असेल.

वादळांचंही तेच. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडचा म्हणजे मे-जून. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गेलं आणि बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज (तरंगता तराफा) बुडाला. त्यावरच्या कामगारांपैकी कितीतरी परत आले नाहीत. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दर वर्षी असं होत नाही, हे मान्य. पण ज्या महिन्यात हे होऊ शकतं त्याला तळं म्हणू नये.

शिवाय वारा नाही म्हणजे लाट नाही, असंही नसतं. हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या टोकाला वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लांबलचक लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. वर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी मात्र घरात. तिथले मच्छीमार याला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. त्याचे दिवस साधारण एप्रिल-मे. कोचीला जाणाऱ्या जहाजाचा रस्ता तिथूनच आहे.

माझी आजी मालवणची. तिच्या वेळी मुंबईहून बोटी जायच्या: रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे. बाहेर उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायचं. बोट हलतेय, पडाव त्याहून हलतोय, आणि मधल्या फटीवरून तान्हं मूल हातोहात वर पोचवायचं. पावसाळ्यात ‘बोटी बंद’, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नसे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती. त्यानंतर तर कोकणात कोणाला वेगळं सांगायची गरज उरली नाही. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बंदीचं मुख्य कारण माशांची वीण हे आहे, पण होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात त्या समुद्राचा अंदाज असतो म्हणूनही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मगच पुढचं बोलायचं. इतकंच कशाला, मुंबईहून सफरी करणारं जहाजसुद्धा गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात मुंबई सोडून चेन्नईला जातं आणि श्रीलंकेच्या फेऱ्या करतं. जहाजवाल्यांना जे कळतं ते फॉरवर्डवाल्यांना का कळू नये?

म्हणजे दिवाळीत जावं का? बघून. ऑक्टोबर हा वादळांच्या दुसऱ्या हंगामातला महिना. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळ अरबी समुद्रात होतं आणि आधीचे दोन-तीन दिवस सिंधुदुर्गाला त्याने चांगलंच झोडपलं होतं. दिवाळी नोव्हेंबरात आली तर गोष्ट थोडी वेगळी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पण मला विचाराल तर मुंबई-गोवा-लक्षद्वीप मार्गाला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. उकाडा नाही, डेकवर दुपारीही बसता येतं, आणि लक्षद्वीपला जहाज बाहेर नांगरून छोट्या बोटीत उतरायचं असतं तेव्हा आजोबांचा पाय नीट पडतो. प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आला तर शाळाही फारशी बुडत नाही.

स्वस्ताईबद्दल फार लिहायला नको. सगळा महाराष्ट्र सुट्टीवर असताना कुठली गोष्ट स्वस्त होते? मे आणि नाताळ-नववर्ष, हे भाव चढायचेच दिवस. भाव उतरतात ते दिवाळी संपल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि संक्रांतीनंतर, त्यातही आठवड्याच्या मधल्या वारी. जाहिरातीतल्या आकड्यात बंदर शुल्क, जीएसटी, टिप धरलेलं आहे का, ते आधी विचारा.

‘जगात कुठेही मे चालतो’ यातलं अर्धं बरोबर आहे. सिंगापूरला खरंच चालतो. विषुववृत्ताजवळ चक्रीवादळं जवळपास होतच नाहीत, मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी झाकलेली आहे, आणि सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी जूनमध्ये, त्यामुळे मेच्या मध्यात जहाजावर गर्दीही कमी. पण तेच जहाज फुकेतला जाणार असेल तर थांबा. फुकेत अंदमान समुद्रावर, म्हणजे मोसमी वाऱ्याच्या तोंडावर. मोठी जहाजं तिथे अनेकदा बाहेर नांगर टाकतात, आणि लाटा असल्या की किनारा लांबूनच बघायचा. दुबई-अबूधाबी-दोहाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये दुपारी चाळिशीच्या आसपास तापमान असतं आणि बरीचशी जहाजं तोवर युरोपला गेलेली असतात. भूमध्य समुद्राला मे छान आहे, तिथल्या शाळा चालू असतात. फक्त पाणी गार. मुलं पोहण्याचे कपडे घालून धावतील आणि पाय बुडवून परत येतील. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधी करता येतो हे लक्षात ठेवा, आणि मध्ये तुर्कस्तानचं बंदर असेल तर मल्टिपल एन्ट्री मागा, कारण तुर्कस्तान त्या देशांत नाही आणि तिथून परत आत यायचं असतं.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-बाबांना ऑगस्ट-सप्टेंबरात फ्लोरिडाहून कॅरिबियनची सफर फार स्वस्तात मिळते. स्वस्त का, तर हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचा कळस नेमका तेव्हा. जहाज वादळाला वळसा घालून जातं, घाबरायचं कारण नाही. मात्र ज्या बेटासाठी निघालात तेही वळशात राहून जाऊ शकतं.

राहिलं बोट लागणं. मोठ्या जहाजाला पाण्याखाली पंख असतात, त्याने डावी-उजवी झुलण्याची हालचाल कमी होते. पुढून-मागून वर-खाली होणं त्याने थांबत नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो ते मेच्या तिसऱ्या आठवड्यातच, तेव्हा मलाही कोणीतरी असाच मेसेज पाठवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डेकवरच्या तलावातलं पाणी या काठावरून त्या काठावर जायला लागलं. पोरं खूश, तेवढ्यात शिट्टी झाली आणि तलावावर जाळी ओढली गेली. खाली आलो तर लिफ्टशेजारच्या कठड्यात पांढऱ्या कागदी पिशव्या ओळीने खोचलेल्या. आत्याने दोन उचलून पर्समध्ये टाकल्या, म्हणाली, “अगं, सामोसे बांधून न्यायला बऱ्या.” तासाभराने त्यातली एक तिने मला दिली आणि दुसरी स्वतःसाठी उघडली. आमची केबिन पुढच्या टोकाला, सर्वांत वरच्या मजल्यावर होती, ‘व्ह्यू’साठी जास्त पैसे भरून घेतलेली. सर्वांत कमी हलते ती मधली, खालच्या मजल्यावरची, हे नंतर कळलं. संध्याकाळी वेटरने हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं आणून ठेवली. आत्याने ती बाजूला सारली आणि डबीतून आवळासुपारी काढली.

तिलाच आता पुन्हा मेमध्ये जायचंय. मी तिला फेब्रुवारीच्या तारखा पाठवल्यात. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर आलेलं नाही.