सही इथे, दवाखाना तिकडे

अभिनंदन! समितीच्या यादीत तुमचं नाव आलं आहे. ते कोणी घातलं याच्या खोलात जाऊ नका. समिती कोणती, एवढं मात्र विचारून घ्या, कारण आरोग्याच्या बाबतीत आपल्याकडे डॉक्टरांची चणचण असेल, समित्यांची नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, उपकेंद्राला जन आरोग्य समिती, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती. माणसं बहुतेक तीच असतात, तेव्हा चुकून दुसऱ्याच सभेला जाऊन बसलात तरी चहा तोच मिळेल.

भाषणाची वेळ आलीच तर दोन सालं तोंडपाठ असू द्या. नाशिकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली गावोगावी आरोग्य समिती असावी असं सुचवलं. 1978 साली कझाकस्तानातल्या आल्मा-आटा इथे जगभरच्या सरकारांनी मान्य केलं की आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. एवढं बोललात की टाळ्या पडतात आणि पुढचं कोणी विचारत नाही.

आता मुख्य काम. समजा, तुमच्या गावाला 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय मंजूर झालं. पेढे वाटून झाल्यावर कळतं की त्याच गावात प्राथमिक आरोग्य केंद्र ठेवता येत नाही, ते दुसरीकडे हलवायचं. केंद्र जिल्हा परिषदेचं, रुग्णालय राज्य शासनाचं. त्यामुळे रुग्णालयाची इमारत उभी राहून डॉक्टर यायच्या आत केंद्राचं सामान टेम्पोत चढलं, तर दोन्हीकडचे साहेब ‘तो विषय आमच्याकडे येत नाही’ असं अगदी खरं सांगू शकतात. अशा वेळी लोकसहभागाची फार गरज भासते. निर्णय झालेला असतो, शासन निर्णय निघालेला असतो, आरोग्य संस्थांच्या बृहत आराखड्यात नव्या जागेचं नाव छापलेलं असतं. कमी असते ती फक्त तुमची मागणी. ती मागच्या तारखेने करून द्यायची.

लोकसंख्येच्या निकषावर वाद घालू नका. सपाटीवर 30 हजारांना एक केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 20 हजारांना एक, उपकेंद्र अनुक्रमे पाच आणि तीन हजारांना. ही माणसं मोजायची 2011 च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेल्यांनी आजारी पडताना थोडा पोच दाखवावा.

जागेचा प्रश्न मात्र तुमचाच. शासन इमारत देतं, जमीन गावाने फुकट द्यायची असते. एसटी थांब्याजवळची जमीन फुकट कोण देणार? म्हणून गायरानाचा तो तुकडा पुढे येतो, ओढ्यापलीकडचा, स्मशानभूमीच्या अंगाचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, पण पावसाळा काय, चारच महिने. सर्पदंशही नेमके त्याच चार महिन्यांत जास्त होतात, याला आरोग्य खातं तरी काय करणार! बक्षीसपत्र झालं की ‘ग्रामस्थांच्या सक्रिय सहभागातून’ हे शब्द अहवालात पडतात. फोटोत तुम्ही मागच्या रांगेत असाल.

मग ठराव. तो ग्रामसभेत होतो आणि ग्रामसभेला गणपूर्ती लागते: 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या. घाबरू नका. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. जाणकार म्हणून तहकूब सभेचीच वाट पाहतात. विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, दिवाबत्ती, गटारं, घरकुलांची यादी असं सगळं येऊ द्यावं. केंद्र हलवण्याचा विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त घ्यावा, घरकुलवाले उठून गेल्यावर. सूचक एक, अनुमोदक एक, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. सविस्तर चर्चेला साधारण सही करायला लागतो तेवढा वेळ लागतो. त्यातही पेन एकच असल्यामुळे.

रुग्ण कल्याण समितीत जिल्हा परिषदेचा लोकप्रतिनिधी असतो, त्याच्याकडे दाद मागू असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. 2022 नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांमध्ये प्रशासकच होते. लोकांनी निवडलेलं कोणी नसताना लोकांच्या नावाने किती सुरळीत कारभार चालतो, हे त्या काळात सगळ्यांना पाहायला मिळालं. आक्षेप नाही, सभात्याग नाही, टिपणी सकाळी वर गेली की संध्याकाळी सही होऊन खाली.

सभेत बोलावंसं वाटलं तर विषय जपून निवडा. संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी, कमानीवरचं नाव यांवर हवं तेवढं तावातावाने बोला. यात सहभागाला पूर्ण मुभा आहे. गावाच्या समितीला वर्षाला 10 हजार रुपये अबंधित (म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा) निधी मिळत आला आहे. त्यातून खुर्च्या घ्यायच्या की डस्टबिन, यावर दोन तास भांडलात तरी साहेब कौतुकाने ऐकतील. किती पदं मंजूर, किती भरलेली, वैद्यकीय अधिकारी मुक्कामी राहणार का, सर्पदंशाची लस रात्री कोण देणार, आरोग्यसेविकेकडे आणखी किती गावांचा पदभार आहे, हे प्रश्न मात्र धोरणात्मक असतात. धोरणात्मक म्हणजे ज्याचं उत्तर द्यायला त्या सभेत कोणीच आलेलं नसतं. रात्रीचं काय, असं फारच कोणी लावून धरलं तर 108 चा आकडा सांगावा. गाडी 2014 पासून आहे. ओढ्याचं तिला आधी सांगून ठेवा.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. 2007 मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ नावाचा प्रकार सुरू झाला, तोही सरकारी योजनेतूनच. गावातली माणसं स्वतः दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरू लागली, हिरवा, पिवळा, लाल असे शेरे मारू लागली. मग जनसुनवाई. मांडवात साहेब समोर आणि बाया उभ्या राहून विचारतात: औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का दिली? दवाखान्याला कुलूप का होतं? पैसे कसले घेतले? आणि वाईट म्हणजे काही ठिकाणी याने फरक पडला. समितीच्या सभेत असला फरक पडल्याचं ऐकिवात नाही. शाई, मांडव आणि लाऊडस्पीकर एवढ्याच सामानात हे होतं, म्हणून जास्त धोका. तुमच्या गावात कोणी लाल खडू विकत घेताना दिसलं तर चौकशी करा.

तरीही तहकूब सभेत एखादी आजी उठतेच. नातसुनेचं बाळंतपण जवळ आलेलं असतं. ती ऐनवेळच्या विषयातच विचारते, ‘तितं रातीला कोन असनार हाय?’ गडबडून जाऊ नका. तिला खाली बसवू नका, वाईट दिसतं. ‘मावशींची सूचना मोलाची आहे’ म्हणा, ग्रामसेवकाकडे पाहून मान हलवा, रजिस्टर तिच्यापुढे सरकवा आणि अंगठा घ्या. अनुमोदकाची जागा अजून रिकामीच असते.