१०२० हा आकडा मुलींचा नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे: ‘देशात आता हजार पुरुषांमागे १०२० बायका. रत्नागिरीत तर ११२२. मुलगी नकोशी असण्याचे दिवस गेले. उरलेच असतील तर गरीब, अडाणी भागात. मग गर्भलिंगनिदानाचा कायदा हवा कशाला?’ यातला एकही निष्कर्ष टिकत नाही.

१०२० हा आकडा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आहे, जनगणनेचा नव्हे. आदल्या रात्री घरात जे मुक्कामाला होते, त्यांचीच त्यात मोजदाद होते. बराकीतला जवान किंवा वसतिगृहातला विद्यार्थी त्यात येत नाही. याच सर्वेक्षणाने २००५-०६ मध्ये १००० दाखवले होते. जनगणनेत मात्र २००१ला ९३३ आणि २०११ला ९४३ निघाले. शिवाय बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे एकूण आकड्यात आज्याही असतात. मुली किती जन्मल्या, हे त्यावरून कळत नाही.

रत्नागिरीचं कोडं कोकणातल्या कुणालाही सुटेल. चाकरमानी मुंबईत, आई आणि बायको गावी. २०११ला रत्नागिरीत ११२२ आणि मुंबई शहरात ८३२, कारण मुंबईत देशभरातले पुरुष पोटासाठी येतात. आता सहा वर्षांपर्यंतची मुलं मोजा: रत्नागिरी ९३६, मुंबई शहर ९१४. जवळजवळ तीनशेची दरी बावीसवर येते! निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात, म्हणजे ११२२ बायकांच्या जिल्ह्यातही मुली कमीच. सिंधुदुर्गात एकूण १०३६, मुलांमध्ये ९२२.

‘गरीब, अडाणी भाग’ हे शब्द मात्र संताप आणतात. त्याच जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत चांगलं होतं ते गडचिरोलीत, ९६१. गोंदियात ९५६. आणि उसाच्या, साखर कारखान्यांच्या कोल्हापुरात ८६३, सांगलीत ८६७, केळीच्या जळगावात ८४२. मुलगा हवा असं कुणालाही वाटू शकतं. पण पोटातल्या मुलीला शोधून काढायला सोनोग्राफीचं मशीन, खिशात पैसा आणि गप्प बसणारा डॉक्टर लागतो. हे तिन्ही कुठे मिळतं, ते बघा. नुसत्या श्रीमंतीनंही सगळं उलगडत नाही, हेही खरं: ऊसतोड कामगारांच्या दुष्काळी बीडमध्ये २००१चे ८९४ दहा वर्षांत ८०७वर आले, राज्यात सर्वांत खाली.

राहिला कायदा. तो सोनोग्राफी थांबवत नाही, लिंग तपासायला आणि सांगायला बंदी करतो. महाराष्ट्राने तो देशात सर्वांत आधी, १९८८ला केला; केंद्राचा १९९४चा. तो आता नको म्हणणाऱ्यांनी ज्या सर्वेक्षणातून १०२० उचलले, त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचा आकडाही आहे: देशात ९२९. महाराष्ट्रात तो आधीच्या फेरीत ९२४ होता, या फेरीत ९१३वर घसरला.