साडेसहा लाखांचा आकडा आणि रॉयल फ्लशचा ध्यास

पोकर खेळणाऱ्यांमध्ये, आणि न खेळणाऱ्यांमध्ये त्याहूनही अधिक, एक मजकूर वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा. रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, हा हात ६,४९,७४० डावांत एकदा येतो. रोज शंभर डाव खेळले तरी त्याला जवळजवळ अठरा वर्षे लागतात. तेवढे डाव पुरे केले की मात्र तो येतोच. तो लवकर हवा असेल तर एका चिन्हाची मोठी पाने शेवटपर्यंत सोडू नयेत. ज्यांना तो आधीच मिळाला त्यांच्या ॲपमध्ये काहीतरी काळेबेरे आहे, आणि एकंदरीत असले ध्येय बाळगणे हा वेडेपणा आहे.

आयुष्यात एकदा तरी रॉयल फ्लश हातात धरायचाच, असे ठरवणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण या मजकुराच्या आधारे तो ठरवणार असेल, तर त्याचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील, कारण यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

आधी आकडा पाहू. ६,४९,७४० हा आकडा खोटा नाही. ५२ पानांतून पाच पाने उचलण्याचे २५,९८,९६० प्रकार होतात, त्यांपैकी चार रॉयल फ्लशचे असतात आणि भागाकार बरोबर तेवढाच येतो. मात्र हा हिशेब ज्या खेळात पाचच पाने मिळतात आणि ती बदलता येत नाहीत, त्या खेळाचा आहे, आणि तसे पोकर आज क्वचितच कोणी खेळते. मांडवी नदीतल्या कॅसिनोत, लास वेगासमध्ये किंवा मित्राच्या घरी आज जे पोकर चालते ते बहुतेक वेळा टेक्सास होल्डेम असते. त्यात दोन पाने आपली, पाच पाने टेबलावर सर्वांची सामाईक, आणि या सातांतून जमेल तो उत्तम पाच पानांचा हात. सात जागांतून पाच जागा निवडण्याचे २१ मार्ग आहेत आणि रॉयल फ्लश यांपैकी कोणत्याही मार्गाने बसू शकतो. म्हणून ६,४९,७४० ला २१ ने भागायचे. उत्तर येते ३०,९४०.

या २१ मार्गांची फोड केली की खरी गंमत दिसते. त्यांपैकी दहांमध्ये आपल्या हातातली दोन्ही पाने वापरली जातात, दहांमध्ये एकच वापरले जाते, आणि उरलेल्या एकात पाचही पाने टेबलावरच असतात. म्हणजे ज्याला आपण मनापासून ‘माझा रॉयल फ्लश’ म्हणू, तो दोन्ही पानांचा हात ६४,९७४ डावांत सरासरी एकदा येतो. सर्वत्र फिरणारा ६,४९,७४० हा आकडा होल्डेममध्ये लागू पडतो तो फक्त शेवटच्या प्रकाराला, ज्यात रॉयल फ्लश टेबलावर उघडा पडतो, डावात उरलेले सगळे खेळाडू पॉट, म्हणजे त्या डावात जमलेले पैसे, वाटून घेतात आणि कोणीही त्याला आपला म्हणत नाही. ध्येय म्हणून कोणी ठेवणारच नाही, नेमक्या त्या एका घटनेचा आकडा लोक एकमेकांना पाठवत बसले आहेत.

अमेरिकेतल्या व्हिडिओ पोकर यंत्रांवर तर पाचच पाने असतात, पण नकोशी पाने टाकून नवी घेता येतात. म्हणून ‘जॅक्स ऑर बेटर’ या नेहमीच्या प्रकारात नीट खेळणाऱ्याला तिथे साधारण ४०,००० डावांमागे एक रॉयल फ्लश दिसतो.

आता ती अठरा वर्षे. घरगुती टेबलावर हाताने पाने पिसून वाटली तर तासाला पंचवीस डाव होतात असे धरू. आठवड्यातून एक संध्याकाळ, चार तास, म्हणजे शंभर डाव. एक पान वापरलेला आणि टेबलावर उघडा पडलेला रॉयल फ्लशही मोजला आणि प्रत्येक डाव शेवटच्या पानापर्यंत गेला, तर सरासरी सहा वर्षे. फक्त दोन्ही पानांचा मोजला तर साडेबारा. हा काळ लहान नाही, पण तो आठवड्याला एका बैठकीचा हिशेब आहे, रोजच्या खेळाचा नव्हे. इथे कोणी म्हणेल की समंजस खेळाडू बहुतेक डाव पहिल्याच फेरीत सोडून देतो, मग हा हिशेब कसा टिकेल? दोन्ही पानांच्या रॉयल फ्लशपुरता तो टिकतो. दोन पानांच्या १,३२६ जोड्यांपैकी रॉयल फ्लशची सुरुवात होऊ शकेल अशा जोड्या फक्त ४० आहेत. म्हणजे साधारण ३३ डावांत एकदाच थांबून पाहण्याचे कारण असते. बाकीचे डाव खुशाल सोडून द्यावेत, त्यांनी या ध्येयाचे काडीमात्र नुकसान होत नाही.

‘तेवढे डाव पुरे केले की येतोच’ हे विधान सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. सरासरी ६४,९७४ डावांत एक, याचा अर्थ तेवढ्या डावांनंतर पत्त्यांवर आपले देणे चढते असा होत नाही. प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसला जातो आणि मागच्या डावांची त्याला आठवण नसते. तितके सगळे डाव खेळूनही एकही रॉयल फ्लश न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. दुप्पट डाव खेळले तरी साडेतेरा टक्के लोक रिकाम्या हाताने बसलेले असतील आणि तिप्पट खेळूनही शंभरातले पाच. याची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे, आणि ती कोणी सांगत नाही. निम्म्या लोकांना तो सरासरीच्या बऱ्याच आधी, म्हणजे सुमारे ४५,००० डावांच्या आत मिळून जातो. ज्याला लवकर मिळाला तो जगावेगळा नाही आणि ज्याला उशीर झाला त्याच्यावर अन्यायही नाही. ‘आता यायलाच हवा’ म्हणून जो पैसे वाढवतो, त्याच्या वाढवलेल्या पैशांना मात्र कसलाही आधार नसतो.

आणखी थोडे थांबायला हवे ते ‘मोठी पाने सोडू नका’ या सल्ल्यापाशी, कारण खिसा रिकामा होतो तो याच जागी.

हातात इस्पिकचा राजा आणि इस्पिकची राणी आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, इस्पिकचा एक्का, इस्पिकचा गुलाम आणि बदामाची सत्ती उघडली. न दिसलेली पाने ४७, आणि अजून दोन पाने यायची आहेत. इस्पिकची दश्शी येण्याची शक्यता ४७ मध्ये २, म्हणजे साडेतेवीसात एक. पण ती नाही आली तरी उरलेल्या आठ इस्पिकांपैकी कोणतेही पान फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, देते, आणि बदाम, चौकट किंवा किलवरची दश्शी स्ट्रेट, म्हणजे ओळीने लागणारी पाच पाने, देते. एकूण बारा पाने आपल्या बाजूची असून दोन पानांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. इथे डावात थांबायला कोणाच्या सल्ल्याची गरज नाही. चांगला खेळाडू एरवीही थांबलाच असता आणि रॉयल फ्लशची संधी त्याच्याबरोबर फुकट चालली असती.

हातात तीच राजा-राणी आहे, पण फ्लॉपवर इस्पिकचा एक्का, बदामाची सत्ती आणि किलवरची चौकी पडली असे समजा. आता रॉयल फ्लशसाठी पुढची दोन्ही पाने ठरलेलीच यायला हवीत, गुलाम आणि दश्शी, दोन्ही इस्पिकची. शक्यता १,०८१ मध्ये एक. समोरच्याने ५०० च्या चिप्स पुढे केल्या आणि आपण केवळ रॉयल फ्लशच्या आशेने त्या भरल्या, तर हा व्यवहार बरोबरीत सुटण्यासाठी तो एक हात पाच लाख चाळीस हजारांच्या वर देणारा हवा. एवढ्या चिप्स त्या टेबलावर मुळातच नसतात. शिवाय चौथ्या पानानंतर पुन्हा पैसे मागितले जातात ते वेगळेच.

तरीही ध्येय ठेवणारा विचारेल की ही दुसरी वाट सोडली तर त्याचे किती रॉयल फ्लश हुकतील. याचे उत्तर नेमके देता येते. लागणारी तीन पाने टेबलाच्या पाच जागांत बसण्याचे दहा सारखे मार्ग आहेत. एका मार्गात तिन्ही फ्लॉपवरच येतात, सहांमध्ये दोन फ्लॉपवर आणि एक नंतर येते, तर तिनांमध्ये फक्त एक फ्लॉपवर आणि दोन नंतर येतात. म्हणजे फ्लॉपवर एकच उपयोगी पान पडले असता, आणि डावात राहायला दुसरे काही कारण नसता, पाने टाकून देणाऱ्याचे दहातले जास्तीत जास्त तीन रॉयल फ्लश बुडतात, आणि वाया जाणारा बहुतेक सगळा पैसा वाचतो. सरासरी मग ९२,८२० डावांवर जाते. आठवड्याला शंभर डाव धरले तर ही जवळजवळ अठरा वर्षेच झाली! मजकुरातला आकडा इथे योगायोगाने परत भेटतो, फक्त त्यातले ‘रोज’ गळून पडते. वास्तवात काळ यापेक्षा कमी लागतो, कारण एक पान वापरून होणारे रॉयल फ्लश यात धरलेले नाहीत, आणि सोडून दिलेल्या वाटांपैकी काही डावांत कोणी पैसेच लावत नाही आणि पुढचे पान फुकट दिसते.

व्हिडिओ पोकरमध्येही हाच भेद आहे. रॉयल फ्लशची चार पाने हातात असतील तर तयार फ्लश मोडूनही पाचव्यासाठी जाणे हिशेबाने योग्य ठरते. पण तीनच पाने असतील आणि हातात गुलाम किंवा त्यावरची तयार जोडी असेल, तर जोडी मोडू नये. तिथे आणखी एक बाब आहे: पूर्ण पाच नाणी लावली तर रॉयल फ्लशला बहुतेक यंत्रे ४,००० नाणी देतात आणि एकच लावले तर २५०. ज्याला तो फक्त पाहायचा आहे त्याने एकाच नाण्यावर खेळण्यात काही गैर नाही; ज्याला तो वसूलही करायचा आहे त्याने ही तफावत आधी वाचावी.

ॲपवरच्या संशयाबद्दल थोडक्यात. एखाद्या ॲपवर दिवसात दहा लाख वेळा कोणाच्या ना कोणाच्या हाती पाने पडली आणि सगळे डाव शेवटपर्यंत गेले असे धरले, तर तीसच्या वर खेळाडूंना त्या दिवशी रॉयल फ्लश दिसायलाच हवा. न दिसला तर संशय घ्यावा. आपल्याला त्या तिसांची चित्रे दिसतात, बाकीच्यांची कोणी पाठवत नाही. २००८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत एका डावात चार एक्के रॉयल फ्लशकडून हरले आणि त्याला ‘२७० कोटींत एक’ असे लेबल चिकटले, तेही याच जातीचे. स्वतंत्रपणे मोजले तर ठरावीक दोन खेळाडूंमध्ये, एकाच्या हातात दोन एक्के आणि दुसऱ्याच्या हातात रॉयल फ्लशची दोन पाने, असा सामना सुमारे ४४ कोटी डावांत एकदा येतो. नऊ जणांच्या टेबलावर अशा ३६ जोड्या असतात, त्यामुळे कोणीच पाने टाकली नाहीत तर तो सव्वा कोटीच्या आसपास येतो. आणि त्या स्पर्धेत एकच टेबल नव्हते.

या मजकुराला आपल्याकडे एक शेपूट जोडले जाते, की तीन पत्तीतला ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पाने, हाच आपला रॉयल फ्लश. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांनी एकदा हिशेब करून पाहावा. तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यांत ट्रेल ५२, म्हणजे ४२५ मध्ये एक. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाची ओळीने लागणारी तीन पाने, मात्र ४८ च आहेत. खेळात ट्रेल वरचढ असला तरी दुर्मीळ हात प्युअर सिक्वेन्स हाच आहे. रॉयल फ्लशची थोडीफार सर येते ती तीन एक्क्यांना, आणि तेही ५,५२५ मध्ये एकदा येतात.

राहिला वेडेपणाचा शेरा. रॉयल फ्लश लाखाच्या टेबलावर जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा शेंगदाण्यांच्या टेबलावर येतो. २०२५ मध्ये संसदेने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यानंतर पैशांचे पोकर देणारी भारतीय ॲप थांबली, पण या ध्येयाचे त्यामुळे फारसे बिघडलेले नाही. फुकटच्या चिप्सवर लोक पाने टाकत नाहीत, डाव शेवटच्या पानापर्यंत जातात, आणि दुसऱ्या वाटेवरचे ते तीन रॉयल फ्लशही तिथे स्वस्तात पदरात पडू शकतात. फक्त कोणता हात मोजायचा ते आधी वहीत लिहून ठेवावे: दोन्ही पानांचा की एका पानाचाही, आणि टेबलावर उघडा पडलेला धरायचा की नाही. सर्वांनी पाने टाकल्यावर ‘पुढे काय आले असते’ म्हणून उलटून पाहिलेली दश्शी मात्र कोणत्याही नियमाने त्या वहीत जात नाही.