अंदाजे गूळ म्हणजे किती हो?

आज दुपारी आमच्या खालच्या मजल्यावर 33 पैकी 19 अनारसे तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. अधिक महिना, जावयाचं वाण, संध्याकाळी पाहुणे, आणि कढईत तपकिरी गाळ! पाककृती मोबाईलवरच्या व्हिडिओतली. त्यात काय सांगितलं होतं? 'गूळ अंदाजे घाला.'

अंदाजे! अहो, ज्याच्या हाताला अंदाज असतो त्याला पाककृती लागतच नाही. जिला लागते, तिच्याकडे नेमका तोच नसतो.

म्हणून मी 'रुचिरा'साठी कुणाशीही भांडेन. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. माप काय, तर वाटी आणि चमचा. वजनकाटा घरात असेल-नसेल, वाटी असतेच. सुरुवातीला घेतलेली वाटी शेवटपर्यंत बदलायची नाही, मग ती लहान का मोठी याला महत्त्व नाही, प्रमाण राहतं. आणि पदार्थ बिघडलाच तर कुठे बिघडला ते शोधता येतं. अंदाजात चूक सापडत नाही, नुसता दोष सापडतो, तोही करणारीच्या माथी.

आता अनारशाचंच घ्या. तांदूळ जुना हवा. घोटीकडचा इंद्रायणी भाताला सोनं, पण इथे चिकट तांदळाचं काम नाही. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. नाशकात उकाडा असेल तर सकाळ-संध्याकाळ, नाहीतर पिठाला वास मारतो. मग निथळून सावलीत कापडावर पसरायचा. हाताला दमट लागला पाहिजे, पण दाणे तळव्याला चिकटता कामा नयेत. खडखडीत वाळला की संपलं, पीठ गूळ धरत नाही. दळून मैद्याच्या चाळणीने चाळायचं आणि माप चाळल्यानंतर घ्यायचं. हे व्हिडिओवाले तांदूळ मोजतात आणि गूळ त्या हिशोबाने घालतात, तिथेच घोटाळा! चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला साधा गूळ (चिक्कीचा नव्हे) आणि चार चमचे तूप. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात निदान पाच दिवस. मूठभर पीठ मात्र बाजूला राखायचं. त्याचं काम पुढे आहे.

खालच्या वहिनींनी चार वाट्यांना पाच वाट्या गूळ घातलेला. गूळ जास्त झाला की गरम तुपात आधी तो वितळतो, पिठाला धरून ठेवायला काही उरत नाही, आणि जाळी पडायच्या ऐवजी अनारसा हसतो. तूप थंड असलं तरी हसतो. फार तापलं तर वरून लाल, आतून कच्चा.

बरं, मान्य. तुपातला बुडबुडा आणि नेमका रंग छापील अक्षरांपेक्षा व्हिडिओत चांगला दिसतो. दिसू दे. पण खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं आणि काढल्यावर चाळणीत उभा निथळत ठेवायचा, हे तिथे कुणी बोललंच नाही! मागे गाणं वाजत होतं.

राग त्या वहिनींवर नाही हो. बिचारीने तीन दिवस पाणी बदललं, पाच दिवस डबा सांभाळला, आणि कढईपाशी सासूबाईंनी विचारलं, 'तुझ्या आईने शिकवलं नाही का?' हे ऐकून जीव कळवळला. आईने शिकवलं नसेल तर नसेल, म्हणून तर माणूस पाककृती शोधतो.

वहिनी, हे वाचत असाल तर उरलेला गोळा टाकू नका. त्यात राखलेलं पीठ दोन-दोन चमचे मळत जा आणि प्रत्येक वेळी एकच अनारसा तळून बघा. तो टिकला की थांबा. उलट गोळा कोरडा पडून थापताना कडा चिरल्या, तर दुधाचे चार थेंब किंवा बोटभर पिकलं केळं. पण आज तळायच्या तेवढ्याच गोळ्यात. दूध लागलेला गोळा टिकत नाही.

14 तर आहेतच हातात. आणखी निघतील तेवढे काढा, आणि 33 भरले नाहीत तर रविवार कारंजावरून बत्तासे आणा. वाणाला बत्तासेही चालतात, सासूबाईंना विचारा.