शेजारच्या सीटवरचा प्रवासी

मी एकटा गाडीत बसलो तरी आम्ही दोघं असतो, असं आमच्या गाडीचं म्हणणं होतं. दुसरा कोण, ते ती सांगत नसे. जरा वेग घेतला की डॅशबोर्डवर सीटबेल्टचं लाल चित्र लुकलुकायला लागायचं आणि टिंग टिंग सुरू. मी माझा बेल्ट चाचपायचो. लावलेला असायचा. शेजारी बघायचो. शेजारी कोणी नसायचं.

पहिल्या दिवशी संशय लॅपटॉपच्या बॅगेवर गेला. तो अगदीच निराधार नव्हता; जड बॅग सीटवर ठेवली तर गाडी तिला माणूस समजू शकते. बॅग मागे टाकली. छत्री काढली, रेनकोट काढला. सीटवर फक्त धूळ उरली, तरी टिंग टिंग चालूच. शेवटी रिकाम्या सीटला मी बेल्ट बांधला आणि आवाज झटक्यात थांबला. शेजारच्या स्कूटरवाल्याने हे सगळं पाहिलं. त्याने आधी सीटकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि स्कूटर दोन हात लांब घेतली.

खरं तर त्याच क्षणी निम्मं निदान झालेलं होतं. बेल्ट अडकवल्यावर आवाज थांबतो, याचा अर्थ बकलमधला स्विच धडधाकट आहे. भानगड आहे ती सीटच्या बाजूला. पण हे मला कळायला दोन आठवडे लागले, कारण मधल्या काळात मी लोकांचे सल्ले घेत होतो.

शेजारच्या काकांचा सल्ला सगळ्यात सोपा. बेल्टच्या टोकाचा तो धातूचा खटका नुसता विकत मिळतो, तो बकलमध्ये खुपसून ठेवायचा, कायमची शांतता. म्हणजे उद्या खरोखरच कोणी बेल्ट न लावता बसलं, तर गाडी गप्प. घंटा फार वाजते म्हणून देवळातल्या घंटेत बोळा कोंबण्यासारखं हे झालं, आणि इथे देव शेजारीच बसलेला असणार. मी नको म्हटलं. काका दुखावले.

मग मी अभ्यासाला लागलो. सीटच्या कव्हरखाली, स्पंजावर, प्लॅस्टिकची एक पातळ चटई असते. तिच्यावर वीजवाहक शाईने छापलेले ठिपके असतात. वजन पडलं की वरचा आणि खालचा थर एकमेकांना टेकतो, विजेचा रोध उतरतो आणि गाडी समजते की कोणीतरी बसलं. काही गाड्यांत याहून चौकस व्यवस्था असते. सीटखाली जेल भरलेली पिशवी किंवा सीटच्या बोल्टांपाशी वजन मोजणारे सेन्सर असतात, आणि बसलेला मोठा माणूस आहे की लहान मूल, हे ताडून समोरची एअरबॅग चालू ठेवायची की बंद, ते ठरतं. आमची गाडी एवढी भोचक नाही. तिला फक्त ‘बसलंय’ आणि ‘नाही’ एवढंच समजतं. त्यातही घोळ.

मी एका वहीत नोंदी ठेवायला लागलो. कधी वाजलं, कधी नाही, पाऊस होता का, आदल्या दिवशी कोण बसलं होतं. तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा एक भयंकर सत्य समोर आलं. आवाज यायचा तो माझा मेहुणा गाडीत बसून गेल्यावर.

हे बायकोला सांगायची पद्धत मला सापडली नाही. मी वहीच पुढे केली.

“माझ्या भावाची नोंद ठेवतोयस तू?”

“त्याची नाही गं. सीटची.”

“त्याच्या वजनाने तुझी सीट मोडली, असंच ना?”

मी ‘असंच’ म्हणालो नाही, पण गप्प बसण्यातही एक उत्तर असतं. पुढचे दोन दिवस शेजारची सीट घरातसुद्धा रिकामी होती.

शेवटी गॅरेज. मेकॅनिकने वही वाचली. असं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याने एकच प्रश्न विचारला, “पाव्हणे उंच आहेत का?”

आहेत. सहा फूट. बसले की पहिलं काम म्हणजे सीट पार मागे सरकवणं.

त्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि तो निवांत उभा राहिला. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज शिल्लक असते, म्हणून काही मिनिटं थांबायचं असतं. “पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, मीटरसुद्धा नाही,” त्याने बजावलं. ते एअरबॅगचं सर्किट. मीटरच्या इवल्याशा विजेनेसुद्धा बार उडू शकतो. मी दोन्ही हात खिशात घातले.

मग चटईचा छोटा कनेक्टर सोडवून त्याने मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजायचं यंत्र, लावलं. सीट रिकामी, तर सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं, वीज वाहत नाही. तळव्याने दाबली, आकडा झरकन उतरला. हात काढला, पुन्हा उघडं. चटई निर्दोष! तीन आठवडे मी जिला मनातल्या मनात फाडून नवी बसवत होतो, ती बिचारी खरंच बोलत होती.

“या खाली,” तो म्हणाला. मी फ्लोअरमॅटवर गाल टेकून, पाय दाराबाहेर सोडून, टॉर्च धरली. सीटखाली एक नाणं, पेनाचं टोपण आणि जिच्यावरून गेल्या वर्षी घरात महाभारत झालं ती कानातली कुडी. आणि गालिच्यातून वर येणाऱ्या वायरींचा जुडगा. त्याचा चिमटा निसटला होता. मेकॅनिकने सीट मागे सरकवली, तसा जुडगा सीट ज्यावरून सरकते त्या रेलखाली ओढला गेला. दोन वायरींचं आवरण नखाएवढं घासलं होतं, आतली तांब्याची तार चकाकत होती. सीट मागे गेली की दोघी एकमेकींना टेकत, आणि गाडीला वाटे, आलं कोणीतरी.

त्याने वायरी सांधल्या, आवरण चढवलं, नवा चिमटा ठोकला. सीट चार वेळा मागे-पुढे केली. शांत.

संध्याकाळी बायकोला घेऊन निघालो. मेहुण्याच्या वजनाचा काही संबंध नाही, दोष पायांचा, हे तिला समजावून सांगितलं. तिला ते पूर्ण समाधानकारक वाटलं नाही, पण कुडी मिळाल्यामुळे ती नरमली होती. कोपऱ्यावर वळलो, वेग घेतला.

टिंग टिंग. टिंग टिंग.

“झालं,” ती म्हणाली. “पैसे गेले पाण्यात.”

मी तिच्याकडे बघितलं. तीन आठवडे ती या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकली होती. बेल्ट तिच्या खांद्यामागे, खांबाला जसाच्या तसा लटकत होता.